रात्र निभावून नेणारी घरं

1966 साली न्यूयॉर्कमधली ज्युडी चेंबरलिन नावाची विशीतली तरुणी आपल्या पायांनी चालत मनोविकारांच्या इस्पितळात गेली. पोटातलं मूल गेलं होतं आणि त्या दुःखातून ती काही केल्या वर येत नव्हती. डॉक्टरांनी सुचवलं, तिने मानलं. आपण मर्जीने आलो तर मर्जीने घरीही जाऊ, असं ती धरून चालली होती. आत गेल्यावर तसं नसतं हे कळलं. मग एका इस्पितळातून दुसऱ्यात अशा फेऱ्या सुरू झाल्या, कागदावर स्किझोफ्रेनियाचं निदान चढलं आणि अखेर कायद्याच्या सक्तीने तिची रवानगी रॉकलंड स्टेट हॉस्पिटलमध्ये झाली. तिथे तिने पाच महिने काढले.

रॉकलंड म्हणजे एक गावच होतं. 1959 साली तिथल्या रुग्णांची संख्या 9,000च्या वर गेली होती. एवढ्या पसाऱ्यात कोणाचं दुःख कशाचं आहे हे विचारायला कोणाला सवड असणार? ज्युडीच्या एक गोष्ट लवकर ध्यानात आली. रडलं, चिडलं, घरी जायचं म्हटलं, की त्याची नोंद आजाराचं लक्षण म्हणून होते. गोळ्या मुकाट गिळल्या आणि हसून उत्तरं दिली, की सुधारणा झाली असं लिहिलं जातं. तेव्हा सुटायचं असेल तर मनातलं मनात ठेवायला शिकलं पाहिजे. ती शिकली आणि सुटली. ज्या दुःखासाठी ती आत गेली होती, ते मात्र तसंच राहिलं. त्यात अपमानाची भर पडली.

या बाईने पुढे जे पाहिलं, अनुभवलं आणि लिहून ठेवलं, त्यातून एका वेगळ्या घराची कल्पना जगभर गेली. मन पार कोसळण्याच्या बेताला आलेल्या माणसाने चार-आठ दिवस राहायला यावं, आणि ते घर चालवणारी माणसंही अशाच रात्रींतून गेलेली असावीत, अशी ती कल्पना. इंग्रजीत अशा घरांना ‘पीअर रेस्पाइट’ म्हणतात. समदुःखी माणसांनी चालवलेली विसाव्याची घरं, असं आपण म्हणू. ही घरं कोणा सरकारी समितीच्या अहवालातून निघाली नाहीत. वॉर्डात राहून आलेल्या माणसांनी आधी स्वतःला विचारलं की, त्या रात्री आपल्याला नेमकं काय हवं होतं, आणि मग ते उभं केलं.

शनिवार-रविवारचा प्रश्न

1955 साली अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसं होती. त्यानंतर नवी औषधं आली, खर्चाची ओरड झाली, आतल्या हालांच्या बातम्या छापून आल्या. 1963 मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. मोठी इस्पितळं हळूहळू रिकामी करायची आणि माणसांना आपापल्या गावात उपचार द्यायचे, असा बेत होता. इस्पितळं रिकामी होत गेली, पण ठरलेल्यांपैकी बरीचशी केंद्रं कधी उभीच राहिली नाहीत. माणसं बाहेर आली ती भाड्याच्या खोल्यांत, धर्मशाळांत, फुटपाथवर आणि पुन्हा इस्पितळाच्या दारात.

नेमक्या याच काळात अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांची चळवळ झाली होती आणि स्त्रियांची चळवळ ऐन भरात होती. बायका एकत्र बसून आपापलं सांगत होत्या. प्रत्येकीला जे आपलं खासगी दुखणं वाटत होतं, ते सगळ्यांचंच निघत होतं. मनोरुग्णालयांतून बाहेर पडलेल्यांनी हीच रीत उचलली. 1970 मध्ये ओरेगॉनमधल्या पोर्टलंड शहरात, 1971 मध्ये न्यूयॉर्क आणि बॉस्टनमध्ये त्यांचे गट उभे राहिले. न्यूयॉर्कच्या गटाचं नाव ‘मेंटल पेशंट्स लिबरेशन प्रोजेक्ट’. ज्युडी चेंबरलिन त्यात आली. पाच वर्षं गिळून ठेवलेला संताप पहिल्यांदाच अशा लोकांपुढे बोलून दाखवता आला, ज्यांना तो समजावून सांगावा लागत नव्हता.

त्याच सुमारास कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर शहराजवळ, याहून साधी आणि मला फार मोलाची वाटणारी एक गोष्ट घडली. तिथे मानसोपचाराचं एक दिवसाचं इस्पितळ होतं. सकाळी यायचं, गटात बसून बोलायचं, संध्याकाळी घरी जायचं. शनिवार-रविवारी कुलूप. गटातल्या एकाने सुट्टीच्या अशाच दिवसांत आत्महत्या केली. मागे राहिलेल्यांना त्यातली उणीव लख्ख दिसली. आठवडाभर जी माणसं एकमेकांच्या जिवाभावाचं ऐकतात, त्यांच्याकडे एकमेकांचे फोन नंबरसुद्धा नव्हते. त्यांनी नंबरांची यादी केली आणि आपापसांत वाटली. रात्री-अपरात्री कोणाला एकटं वाटलं, तर दुसऱ्याला उठवायचं.

यादीतून बैठका झाल्या आणि बैठकांतून 1971 मध्ये ‘मेंटल पेशंट्स असोसिएशन’ उभी राहिली. गटातलेच लॅनी बेकमन तिच्या संस्थापकांत होते. ‘मेंटल पेशंट’ हा शब्द नावात मुद्दाम ठेवला होता, लपवायचं काही नाही म्हणून. बेरोजगारांना काम देण्यासाठी कॅनडा सरकार तेव्हा स्थानिक उपक्रमांना अनुदान देत होतं. त्या पैशांवर त्यांनी एक घर घेतलं. कोणीही यावं, बसावं, चहा-कॉफी करून घ्यावी, बोलावं किंवा गप्प राहावं. कामं पाहणारे संयोजक सभासदांनीच निवडून द्यायचे, पैसा कुठे खर्चायचा ते बैठकीत ठरायचं. ज्याला इस्पितळात चप्पल कुठली घालायची हेही दुसरं कोणी ठरवून देत होतं, तोच इथे जमाखर्चावर मत देत होता. पुढे संस्थेने राहण्यासाठी सामायिक घरंही चालवली.

ज्युडी हे सगळं पाहायला व्हँकुव्हरला गेली. तिथेच तिचं मन पुन्हा कोसळलं. रॉकलंडनंतर तिला सर्वांत जास्त धास्ती होती ती हीच. पण या वेळी तिच्यापुढे दुसरी वाट होती. शहरात ‘व्हँकुव्हर इमोशनल इमर्जन्सी सेंटर’ नावाचं छोटं घर तेव्हा चालू होतं. तिथे पदवीधारक तज्ज्ञ नव्हते आणि निदान विचारलं जात नव्हतं. ज्युडी तिथे राहायला गेली. इस्पितळात जे दाबून ठेवायला ती शिकली होती, ते सगळं इथे बाहेर आलं. रडावंसं वाटेल तितकं रडायची मुभा होती, ओरडलं तरी कोणी सुई घेऊन धावत येत नव्हतं, आणि सोबतीला माणूस बसलेलं असायचं. ती त्या घरातून सावरून बाहेर पडली. आपल्याला इस्पितळाची गरजच नव्हती, गरज होती ती अशा जागेची, ही तिची पक्की खात्री झाली. ते घर अनुदानावर चालत होतं आणि फार वर्षं टिकलं नाही. त्याची स्मृती मात्र एका पुस्तकामुळे टिकली.

कोण ठरवतं?

ते पुस्तक म्हणजे 1978 मध्ये प्रसिद्ध झालेलं ‘ऑन अवर ओन’. व्हँकुव्हरची ती दोन्ही ठिकाणं आणि इतर काही प्रयोग जवळून पाहून ज्युडीने त्यात पर्यायी व्यवस्थांचे तीन प्रकार पाडले. पहिल्यात तज्ज्ञ आणि रुग्ण ‘भागीदार’ म्हणवले जातात, पण देणारा कोण आणि घेणारा कोण हे पक्कं ठरलेलं असतं. दुसऱ्यात इस्पितळ भोगलेले आणि न भोगलेले लोक बरोबरीच्या नात्याने एकमेकांना आधार देतात, तज्ज्ञांना तिथे जागा नसते. तिसऱ्यात सगळा कारभार फक्त भोगलेल्यांच्याच हाती. तिने लावलेली कसोटी एकच होती: निर्णय कोणाचा? वागणूक प्रेमाची असली आणि खोली हवेशीर असली, तरी माणसाच्या आयुष्याचा निर्णय त्याच्या हातून गेला असेल, तर तिच्या लेखी ती जागा पर्याय नव्हती.

ही कसोटी किती कडक होती, हे त्याच काळातल्या दुसऱ्या एका घरावरून कळतं. 1971 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होझे शहरात ‘सोटेरिया हाउस’ सुरू झालं. त्यामागे होते लॉरेन मोशर, अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या स्किझोफ्रेनिया अभ्यास केंद्राचे प्रमुख. स्किझोफ्रेनियाचं निदान नुकतंच झालेली सहा-सात तरुण मुलं-मुली एका साध्या घरात राहत. त्यांच्यासोबत राहणारे कर्मचारी डॉक्टर-नर्स नव्हते. ते सलग 24 किंवा 48 तास घरात असत, स्वयंपाक करत, बाजारहाट करत, आणि कोणी भ्रमाच्या खोल पाण्यात गेलं तर त्याच्याजवळ बसून राहत. पहिले सहा आठवडे शक्यतो औषधं द्यायची नाहीत, असा प्रयोग होता. तिथल्या लोकांची प्रगती इस्पितळात औषधांवर असलेल्यांच्या तोडीस तोड दिसली. मोशर यांच्या निष्कर्षांवर वाद झाले, सरकारी निधी आटला आणि 1983 मध्ये घर बंद पडलं. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला त्याच धर्तीवर दुसरं घर सुरू झालं.

सोटेरियाने दाखवलं की पदवी नसलेलं साधं माणूसही भ्रमात बुडालेल्याला सोबत करू शकतं. ते फार मोठं काम होतं. तरी घराचा आराखडा डॉक्टरांचा होता आणि तिथे कोणी यायचं तेही संशोधनाच्या चौकटीत ठरत होतं. ज्युडी आणि तिचे सहकारी जे मागत होते ते याच्या पुढचं होतं. घराच्या किल्ल्या, हिशेबाची वही आणि नियमांचा कागद हे सगळं भोगलेल्यांच्याच हाती असावं, अशी त्यांची मागणी होती.

1970 आणि 1980ची दशकं त्यांनी बरीचशी कोर्टकचेऱ्यांत आणि निदर्शनांत घालवली. 1975 मध्ये बॉस्टन स्टेट हॉस्पिटलमधल्या रुग्णांनी सक्तीच्या औषधांविरुद्ध दावा लावला. रुबी रॉजर्स यांचं नाव त्यात वादी म्हणून पहिलं होतं. आणीबाणी नसताना रुग्णाच्या इच्छेविरुद्ध औषध देता येणार नाही, आणि त्याला निर्णय घेता येत नसेल तर तो न्यायालयाने घ्यावा, हे तत्त्व मॅसॅच्युसेट्समध्ये त्यातून रुजलं. ज्युडी तेव्हा बॉस्टनजवळ राहायला आली होती. 1985 मध्ये तिच्या गटाने दिवसा येऊन बसण्याचं एक केंद्र सुरू केलं आणि त्याला रुबी रॉजर्स यांचंच नाव दिलं. त्याच वर्षी बाल्टिमोरमध्ये रुग्णचळवळीची पहिली ‘अल्टरनेटिव्ह्ज’ परिषद सरकारी मदतीने भरली. सरकारचा पैसा घ्यावा की नाही, यावर चळवळीत फूट पडली ती पडलीच. पण पैसा मिळाला तेव्हाच घरं उभी करणं शक्य झालं, हेही खरं.

बरं असताना विचारलेले प्रश्न

1990च्या दशकात न्यू हॅम्पशायर राज्यात शेरी मीड यांनी समदुःखींची केंद्रं उभारली. मनोरुग्णालयाचा अनुभव त्यांनाही होता. क्लेअरमाँट या छोट्या गावात त्यांच्या केंद्राला जोडूनच काही दिवस राहण्याची सोय झाली. अमेरिकेतल्या आजच्या विसाव्याच्या घरांचा वंश बहुतेक जण इथूनच मोजतात.

मीड यांनी एक साधी गोष्ट केली. संकटात सापडलेल्या माणसाला प्रश्न विचारण्याऐवजी, तो बरा असतानाच त्याच्याशी निवांत बसून बोलायचं ठरवलं. तुमचा चांगला दिवस कसा असतो? बिनसायला लागलं की पहिलं काय बदलतं? झोप, जेवण, फोन उचलणं? त्या वेळी लोकांनी काय केलेलं तुम्हाला चालतं, आणि काय मुळीच चालत नाही? इथे राहायला आलात तर तुमच्याकडून आम्ही काय अपेक्षा ठेवावी, आणि आमच्याकडून तुम्ही? हे दोघांनी मिळून ठरवायचं आणि लिहून ठेवायचं. मग खरंच वाईट रात्र आली, की दारात येणारा माणूस अनोळखी नसतो. त्याचं काय करायचं असा प्रश्न पडत नाही, कारण ते त्यानेच सांगून ठेवलेलं असतं.

यातूनच मीड यांची ‘इंटेन्शनल पीअर सपोर्ट’ ही पद्धत घडली. तिच्यात मदत करणारा एक आणि मदत घेणारा दुसरा, अशी वाटणी नाही. दोघंही एकमेकांकडून शिकतात. भीतीच्या सावटाखाली निर्णय घ्यायचे नाहीत आणि पुढे काय शक्य आहे ते दोघांनी मिळून शोधायचं, असं ती पद्धत सांगते. आजही जगातल्या अनेक विसाव्याच्या घरांतले कर्मचारी याच पद्धतीचं शिक्षण घेऊन येतात.

अटलांटिकच्या पलीकडे हाच विचार वेगळ्या वाटेने पोहोचला होता. बर्लिनमध्ये 1980 पासून मनोरुग्णालय भोगलेल्यांची चळवळ होती. इस्पितळातून पळालेल्यांना आसरा देणारी घरं नेदरलँड्समध्ये निघाली होती, ती पाहून बर्लिनच्या कार्यकर्त्यांनीही तशा घराचा ध्यास घेतला. वर्षानुवर्षं पैसा जमेना. ज्याच्या मुलाने आत्महत्या केली होती अशा एका बापाने नाव न सांगता दहा लाख मार्क दिले, तेव्हा कुठे वास्तू घेता आली. 1 जानेवारी 1996 रोजी ‘वेगलाउफहाउस’चं दार उघडलं. चळवळीतल्या दिवंगत कार्यकर्त्या टीना श्ट्योक्ले यांचं नाव वास्तूला दिलं गेलं. तिथे 13 जणांची सोय होती. कर्मचाऱ्यांतले निदान निम्मे स्वतः मनोरुग्णालयातून गेलेले असावेत, असा नियम होता. निदानाची भाषा वापरायची नाही, आणि आपल्याविषयी जे काही लिहिलं जाईल ते राहणाऱ्याला वाचता आलं पाहिजे, हेही ठरलेलं. अमेरिकेतली घरं चार-आठ दिवसांची. बर्लिनचं घर बेघरांसाठी असल्याने तिथे माणसं कित्येक महिने राहत.

इंग्लंडमध्ये लीड्स शहरातल्या भोगलेल्यांनी 1999 मध्ये संकटकाळातली सेवा स्वतःच सुरू केली. त्यांचं ‘डायल हाउस’ मुद्दाम संध्याकाळनंतर उघडतं आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर बंद होतं, कारण बाकी सगळी दारं लागतात ती त्याच वेळात. व्हँकुव्हरच्या शनिवार-रविवारच्या प्रश्नाला दिलेलं हेही एक उत्तरच.

आफियाच्या तीन खोल्या

नव्या शतकात अमेरिकेत अशी घरं एकेक करून निघत गेली. 2001 मध्ये न्यूयॉर्क राज्यात ‘रोझ हाउस’, 2008 मध्ये जॉर्जियातल्या डीकेटरला एक, 2010 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझला ‘सेकंड स्टोरी’. न्यूझीलंडमध्ये दक्षिण ऑकलंडला ‘टुपू आके’ सुरू झालं. हे घर सरकारी आरोग्यव्यवस्थेशी जोडलेलं आहे, आणि तरीही चालवणारे समदुःखीच.

या घरांचं रोजचं चालणं समजून घ्यायचं तर मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन गावातलं ‘आफिया’ पाहावं. 2012 मध्ये सुरू झालेलं हे घर वस्तीतल्या इतर घरांसारखंच आहे. बाहेर इस्पितळाची पाटी नाही, आत पांढरे कोट नाहीत. तीन खोल्या, तीन पाहुणे, जास्तीत जास्त सात रात्री. इथे डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही. ज्याला यायचं आहे त्यानेच फोन करायचा. पलीकडचा माणूस लक्षणांची यादी वाचत नाही. काय चाललंय, इथे राहून काय साधेल असं वाटतं, घरात आणखी दोन माणसं असतील ते जमेल का, अशा गोष्टी बोलल्या जातात.

आल्यावर खोली मिळते आणि औषधांसाठी कुलपाची पेटी. किल्ली पाहुण्याकडेच. औषध घ्यायचं की नाही आणि कधी, हा प्रश्न त्याचा आणि त्याच्या डॉक्टरांचा. कर्मचारी गोळ्या मोजत नाहीत. स्वयंपाकघर सगळ्यांचं, ज्याला जे हवं ते त्याने करून घ्यावं. सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी परत आलं तरी चालतं. दोन वाजता झोप उडाली तर जागं असलेलं माणूस घरात असतंच. ज्याला बोलायचं आहे त्याच्याशी ते बोलतं, ज्याला नाही त्याच्याजवळ नुसतं बसतं. मरणाचे विचार येतात असं कोणी म्हणालं, तर पोलिसांना फोन लावण्याची घाई होत नाही. त्यावर मोकळेपणाने बोललं जातं. त्या विचारांमागे कसलं ओझं आहे, काय असह्य झालं आहे, हे विचारलं जातं. ज्याने स्वतः ती कड पाहिली आहे त्याला हे विचारता येतं आणि समोरच्यालाही त्याच्यापुढे खोटं बोलावं लागत नाही. रॉकलंडमध्ये ज्युडीला खोटं बोलावं लागलं होतं.

याचा उपयोग होतो का, हा प्रश्न रास्तच आहे. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात संकटातल्या 393 प्रौढांना चिठ्ठ्या टाकून दोन ठिकाणी वाटलं होतं. काही जण बंद वॉर्डात गेले, काही जण भोगलेल्यांनीच चालवलेल्या घरात. घरात राहिलेल्यांची प्रकृती अधिक सुधारली आणि समाधानात तर दोन्हींत फारच मोठी तफावत होती. ‘सेकंड स्टोरी’चा अभ्यास 2015 मध्ये आला. तिथे राहून गेलेल्यांना पुढे इस्पितळाची किंवा तातडीच्या सेवेची गरज लागण्याची शक्यता, तुलनेसाठी घेतलेल्या लोकांपेक्षा सुमारे 70 टक्के कमी होती. न्यूयॉर्क शहरातल्या घरांचा 2018चा अभ्यास सरकारी विम्याच्या हिशेबांवर आधारलेला होता. तिथे राहिलेल्यांवरचा खर्च माणशी दरमहा सरासरी 2,138 डॉलरनी कमी निघाला. अभ्यास मोजकेच आहेत, आणि स्वतःहून घरात येणारी माणसं वॉर्डात आणल्या जाणाऱ्यांपेक्षा मुळात वेगळी असू शकतात, हे विसरून चालणार नाही. पण हा वेडगळपणा आहे, कोणीतरी मरेल, असं म्हणणाऱ्यांना निदान आता आकड्यांशी बोलावं लागतं.

या घरांच्या अडचणीही खऱ्या आहेत. आफियासारखं घर तीन जणांचं, मागणी कितीतरी जणांची. जागा नाही म्हणून फोनवर नकार द्यावा लागतो, तोही संकटातल्या माणसाला. बऱ्याच घरांत बेघरांना जागा मिळत नाही, कारण सात रात्रींनंतर त्यांना पाठवायचं कुठे याचं उत्तर नसतं. सरकारी अनुदान आलं की फॉर्म येतात आणि फॉर्मबरोबर निदान, जोखमीचे तक्ते, नोंदी मागच्या दाराने आत येऊ पाहतात. काम करणाऱ्यांचा पगार नर्सच्या पगाराच्या जवळपासही नसतो. आणि ज्याला शरीराच्या गंभीर दुखण्यासाठी तातडीचे उपचार लागतात, किंवा जो दुसऱ्याच्या अंगावर धावून जातो आहे, त्याची जागा हे घर नाही. चालवणारेही तसं म्हणत नाहीत. या सगळ्यांवर उत्तरं शोधावी लागतील. पण जास्त घरं आणि सन्मानाचं वेतन हीच ती उत्तरं आहेत, घरं बंद करणं नव्हे.

ज्युडी चेंबरलिन 16 जानेवारी 2010 रोजी गेली. आफिया उघडायला तेव्हा दोन वर्षांहून अधिक अवकाश होता. पण तिच्या पिढीने जगभरच्या भोगलेल्यांची जी संघटना बांधली होती, ती अपंगांच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावरच्या चर्चेत थेट सहभागी होती. ‘आमच्याविषयी, पण आमच्याशिवाय काही नाही’ ही त्या चळवळीची घोषणा. तो करार 2006 मध्ये मंजूर झाला आणि 2007 मध्ये भारतानेही स्वीकारला. जून 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक आरोग्यसेवा माणसाच्या हक्कांवर कशा उभ्या कराव्यात याची मार्गदर्शिका काढली. जगभरातल्या निवडक चांगल्या सेवांत आफिया आणि टुपू आके यांची नावं आली. तीन खोल्यांचं घर जिनिव्हापर्यंत पोहोचलं.

आपल्या बाजूने

त्याच मार्गदर्शिकेत ‘आत्मीयता’ या उपक्रमाचंही नाव आहे. पुण्यातल्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्राने तो आधी नाशिक जिल्ह्यातल्या गावांत करून पाहिला आणि मग गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात विस्तारला. गावातलेच लोक शिकून तयार होतात आणि शेजारपाजारच्यांचं दुःख ऐकतात. राहण्याचं घर त्यात नाही, पण सोबत करायला पदवी लागत नाही हा विश्वास तोच आहे. पुण्याच्या बापू ट्रस्टने हे अधिक ठामपणे मांडलं. भार्गवी दावर यांनी आपल्या आईची संस्थांमधली फरफट लहानपणापासून पाहिली होती. 1999 मध्ये त्यांनी आईच्या नावाने ट्रस्ट काढला, पुण्याच्या वस्त्यांत सक्तीशिवायचं काम उभं केलं आणि आशियाभरच्या भोगलेल्यांना एकत्र आणलं. मराठी वाचकाला आणखी जवळचं उदाहरण म्हणजे पुण्याचं ‘मुक्तांगण’. 1986 मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात व्यसनातून बाहेर आलेली माणसंच नव्याने आलेल्यांना हात देतात. ज्याने भोगलं तोच उत्तम सोबत करू शकतो, हे आपल्याला कोणी परदेशातून येऊन शिकवायला नको.

उणीव आहे ती रात्रीची. 2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा माणसाला समाजात राहण्याचा हक्क देतो, आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधी लिहून ठेवण्याचा अधिकार देतो, आणि निवाऱ्याच्या, आधाराच्या घरांची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. बरं असताना लिहून ठेवायचं हे तत्त्व शेरी मीड यांच्या कामातही होतं, आता ते आपल्या कायद्यात आहे. तरी आज महाराष्ट्रात एखाद्याचं मन रात्री दोन वाजता कोसळलं, तर घरच्यांपुढे बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात: सकाळ होईपर्यंत दाराला कडी लावून जागं राहणं, किंवा गाडी करून इस्पितळ गाठणं. त्या दोहोंच्या मध्ये एक घर हवं. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. जिल्ह्याच्या गावी वस्तीतलं एक साधं घर, तीन खोल्या, चालू स्वयंपाकघर आणि रात्री जागं राहणारी, पगारी, शिकून तयार झालेली समदुःखी माणसं एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. अट एकच: ते चालवायचं कसं हे पहिल्या दिवसापासून भोगलेल्यांनी ठरवावं. ती अट सोडली, तर आपण आणखी एक छोटं इस्पितळ बांधू. ती पाळली, तर नवी ज्युडी आपल्या पायांनी आत येईल आणि तिला पाहिजे तेव्हा आपल्याच पायांनी बाहेर पडू शकेल, आणि त्या दोन्ही वेळा निर्णय तिचाच असेल.